गाईच्या दुधातले विष शोधणारी लेखिका: रेचल कार्सन कोण होत्या? वडीगोद्रीच्या पशुपालकांशी त्यांचा काय संबंध?

कापसाची शेवटची वेचणी झाली की रान मोकळे होते आणि शेळ्या, मेंढ्या, गाई पऱ्हाटीत सोडल्या जातात. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्री परिसरात हे दरवर्षीचेच. हिरवी पाने, उरलेली बोंडे, बांधावरचे गवत असा फुकटचा चारा मिळतो आणि शेताला लेंडीखत मिळते. मात्र त्या रानावर हंगामात किती फवारण्या झाल्या, शेवटची कधी झाली आणि कोणत्या औषधाची, हे जनावराला कळत नाही. बऱ्याचदा ते राखणाऱ्यालाही माहीत नसते, कारण रान दुसऱ्याचे असते.

फवारलेल्या रानात चरणाऱ्या जनावराच्या पोटात आणि दुधात काय जाते, हा प्रश्न जगापुढे मोठ्या आवाजात मांडला तो रेचल कार्सन या अमेरिकी लेखिकेने, १९६२ मध्ये. त्यांचे नाव बहुतेकांना पक्ष्यांमुळे माहीत असते. त्यांच्या पुस्तकातील गाई, वासरे आणि मेंढ्यांचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही.

कोण होत्या रेचल कार्सन?

२७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गजवळच्या स्प्रिंगडेल गावी त्यांचा जन्म झाला. वडिलांची जमीन होती, पण ती शेती म्हणून फारशी चालली नाही. ते विमा विकत, प्लॉट पाडून विकायचा प्रयत्न करत. घरात पैसा कधी टिकला नाही. आई मारिया लग्नाआधी शिक्षिका होती. तिने धाकट्या रेचलला हाताला धरून रानावनात, नदीकाठी फिरवले आणि पक्ष्यांची, झाडांची नावे शिकवली. अकराव्या वर्षीच मुलांच्या एका नामांकित मासिकात रेचलची गोष्ट छापून आली. मोठेपणी लेखिका व्हायचे, हे तेव्हाच ठरले होते.

पेनसिल्व्हेनिया कॉलेज फॉर विमेनमध्ये त्यांनी इंग्रजी साहित्य घेतले. तिथे मेरी स्किंकर नावाच्या प्राध्यापिकेने जीवशास्त्र असे शिकवले की रेचल यांनी विषयच बदलला. त्या काळात मुलीने विज्ञान घेणे म्हणजे पोटापाण्याचा मार्ग बंद करून घेणे, असे समजले जाई. १९२९ मध्ये पदवी मिळाली. त्याच उन्हाळ्यात वूड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. तोवर समुद्र फक्त पुस्तकात होता.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९३२ मध्ये प्राणिशास्त्रात एम.ए. झाले. डॉक्टरेट मात्र अर्धवट सोडावी लागली, कारण महामंदीच्या त्या वर्षांत घर चालवायला पगार हवा होता. १९३५ मध्ये वडील गेले. १९३७ मध्ये थोरली बहीण गेली आणि तिच्या दोन मुली आई व रेचल यांच्या पदरात आल्या. रेचल यांनी लग्न केले नाही, पण त्यांच्या डोक्यावर आयुष्यभर एका मोठ्या कुटुंबाचा भार होता. ज्या बाईला पुढे रसायन उद्योगाने हळवी, एकटी, भावनेच्या भरात लिहिणारी म्हणून हिणवले, ती बाई वयाच्या तिशीपासून घरातली एकमेव कमावती होती.

सरकारी नोकरीतून लेखिका कशी घडली?

अमेरिकेच्या मत्स्य विभागात त्यांना आधी रेडिओसाठी माशांवर छोटे कार्यक्रम लिहिण्याचे तात्पुरते काम मिळाले. १९३६ मध्ये स्पर्धा परीक्षेत पहिल्या येऊन त्या कायम झाल्या. त्या विभागात व्यावसायिक पदावर पूर्णवेळ घेतलेल्या त्या दुसऱ्याच महिला. काम संपादनाचे होते. शास्त्रज्ञांचे रूक्ष अहवाल घ्यायचे आणि मच्छीमाराला, गृहिणीला समजतील असे करून द्यायचे. पंधरा-सोळा वर्षे हेच केल्यावर कोणता अहवाल कुठे दडलेला असतो, कोणत्या तक्त्यात खरी गोष्ट असते आणि कोण अधिकारी खासगीत काय सांगेल, याची त्यांना पक्की जाण आली. पुढच्या लढाईत हीच शिदोरी कामाला आली.

१९४१ मधले पहिले पुस्तक दुसऱ्या महायुद्धाच्या गदारोळात हरवले. १९५१ मध्ये आलेल्या ‘द सी अराउंड अस’ने मात्र इतिहास घडवला. ते ८६ आठवडे न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत राहिले आणि त्याला नॅशनल बुक अॅवॉर्ड मिळाले. पैशाची चिंता पहिल्यांदाच मिटली, तशी १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. मेन राज्याच्या किनाऱ्यावर छोटे घर बांधले. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील जीवांवर तिसरे पुस्तक लिहिले. इथेच आयुष्य थांबले असते तरी समुद्राची लेखिका म्हणून त्या लक्षात राहिल्या असत्या.

डीडीटीचा प्रश्न त्यांच्यापर्यंत कसा आला?

डीडीटीचा कीटकनाशक गुण स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधला. महायुद्धात त्याने सैनिकांना टायफस आणि मलेरियापासून वाचवले. म्युलर यांना १९४८ चे नोबेल मिळाले. युद्ध संपताच तीच पावडर शेतात, बागेत, गोठ्यात आणि घरात आली. शेतकऱ्यांना ती चमत्कारच वाटली, आणि त्यात चूक नव्हती. किडे खरोखर मरत होते.

कार्सन यांच्या खात्यातले शास्त्रज्ञ मात्र मेरीलँडमधल्या केंद्रावर मासे आणि पक्ष्यांवर डीडीटीचे प्रयोग करत होते. त्यांचे निष्कर्ष वाचून कार्सन यांनी १९४५ मध्येच एका मोठ्या मासिकाला यावर लेख सुचवला. मासिकाने नकार दिला. विषय तेरा वर्षे तसाच राहिला.

जानेवारी १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधून ओल्गा हकिन्स या मैत्रिणीचे पत्र आले. डासांसाठी विमानातून झालेल्या फवारणीनंतर तिच्या अंगणात पक्षी मरून पडले होते. त्याच सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एक खटला उभा राहिला. १९५७ मध्ये सरकारने झाडे खाणाऱ्या एका अळीसाठी विमानातून डीडीटी फवारले होते. जंगलच नव्हे, तर मळे, दुभत्या जनावरांची कुरणे, तळी, अगदी रस्त्यावरची माणसेही त्याखाली आली. स्वतःपुरते रसायनमुक्त अन्न पिकवणाऱ्या मार्जोरी स्पॉक आणि मेरी रिचर्ड्स या दोघी काही शेजाऱ्यांसह न्यायालयात गेल्या. त्या हरल्या. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला, फक्त न्यायमूर्ती डग्लस यांनी वेगळे मत नोंदवले. पण खटल्यातल्या साक्षी आणि तज्ज्ञांच्या कागदपत्रांचा ढीग मार्जोरी स्पॉक कार्सन यांच्याकडे पाठवत राहिल्या. हरलेल्या खटल्याची ती कागदपत्रे ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकाच्या पायातला मोठा दगड ठरली.

गाईंच्या दुधात काय सापडले?

त्याच १९५७ च्या फवारणीत न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर भागात एक दुग्धव्यवसाय करणारे कुटुंब होते. आमच्या शेतावर फवारू नका, असे त्यांनी आधीच कळवले होते. तरीही विमान दोनदा त्यांच्या कुरणावरून गेले. ४८ तासांनंतर त्यांच्या गाईंच्या दुधाचे नमुने तपासले, तेव्हा डीडीटीचे प्रमाण दहा लाख भागांत १४ भाग निघाले. चाराही दूषित होता. आरोग्य खात्याला कळवण्यात आले, पण दूध विकू नका, असा आदेश कोणी दिला नाही. ते दूध बाजारात गेले.

कार्सन यांनी हा प्रसंग पुस्तकात घेतला तो एक साखळी दाखवण्यासाठी. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र सहज विरघळते. त्यामुळे गाईने चाऱ्यातून थोडे थोडे खाल्ले तरी ते शरीरातून बाहेर न जाता चरबीत साठते आणि दुधाच्या स्निग्धांशाबरोबर बाहेर येते. त्यांनी दिलेला हिशेब आजही डोळे उघडणारा आहे. लसूणघासावर दहा लाखांत सात-आठ भाग डीडीटी असेल, तर त्यावर पोसलेल्या गाईच्या दुधात सुमारे तीन भाग येतात. त्याच दुधाचे लोणी काढले तर प्रमाण ६५ भागांपर्यंत जाऊ शकते. ज्या घरात लोणी कढवून तूप केले जाते, तिथे या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वासरे आणि मेंढ्यांचे काय झाले?

दुसरे प्रकरण दक्षिणेकडच्या कापूसपट्ट्यातले. १९५७ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने लाल मुंग्यांविरुद्ध मोहीम काढली आणि नऊ राज्यांत दोन कोटी एकर जमीन फवारायचे ठरवले. औषधे होती डिल्ड्रिन आणि हेप्टाक्लोर, दोन्ही डीडीटीपेक्षा कितीतरी विषारी. मुंगी चावते खरी, पण पिकाचे फार नुकसान करते याला पुरावा नव्हता. फवारणी सुरू झाली आणि जॉर्जिया राज्यातल्या ओटिस पॉइटव्हिंट या पशुवैद्यांकडे आजारी जनावरे येऊ लागली. गाई, शेळ्या, कोंबड्या दगावत होत्या. ज्यांना फवारलेला चारा-पाणी मिळाले नाही, ती जनावरे ठीक होती.

त्यातल्या एका दोन महिन्यांच्या वासराची तपासणी नीट झाली. त्याच्या चरबीत हेप्टाक्लोरचे प्रमाण दहा लाखांत ७९ भाग भरले. कोडे असे की फवारणी होऊन पाच महिने उलटले होते, म्हणजे वासरू तेव्हा जन्मलेलेही नव्हते. विष त्याला गवतातून मिळाले, आईच्या दुधातून, की गर्भातच? कार्सन यांनी हा प्रश्न तसाच वाचकापुढे ठेवला आणि त्याला जोडून दुसरा विचारला: वासराला दुधातून मिळाले असेल, तर तेच दूध पिणाऱ्या मुलांचे काय?

कृषी खात्याची सूचना होती की दुभती जनावरे फवारलेल्या कुरणातून ३० ते ९० दिवस बाहेर ठेवावीत. कार्सन यांनी इथे बोट ठेवले. छोट्या शेतकऱ्याकडे दुसरे कुरण कुठून येणार? वरून विमानाने सगळाच परिसर फवारला असेल तर गाय न्यायची कुठे? कागदावर बरोबर, गोठ्यात अशक्य. गायरानावर विसंबलेल्या कुठल्याही गावाला हे लगेच उमजेल.

मेंढ्यांची नोंद आहे इलिनॉय राज्यातल्या शेल्डन गावाची. तिथे एका भुंगेऱ्यासाठी शेतावर डिल्ड्रिन फवारले होते. मेंढ्या त्या शेतात नव्हत्याच. रस्त्यापलीकडच्या, न फवारलेल्या कुरणात होत्या. वाऱ्याबरोबर फवारा रस्ता ओलांडून आला असावा. मेंढ्यांनी खाणे सोडले, कुंपणाला लागून गोल गोल फिरू लागल्या, सतत ओरडू लागल्या, हाकल्या तरी हलेनात. तहान इतकी की ओढ्यातून ओढून बाहेर काढाव्या लागल्या. तीन मेल्या, बाकीच्या वरवर तरी बऱ्या झाल्या. हे सगळे सरकारी शास्त्रज्ञांच्याच अहवालात होते. कार्सन यांनी ते शोधून लोकांपुढे आणले.

तणनाशकांबद्दलही त्यांची एक नोंद पशुपालकाने वाचावी अशी आहे. काही तणनाशके मारल्यावर वनस्पतीत नायट्रेट वाढते आणि कोमेजू लागलेले ते गवत जनावराला उलट जास्त आवडू लागते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेते आणि जनावर काही तासांत गुदमरून जाऊ शकते. एरवी ज्या तणाला जनावर तोंड लावत नाही, तेच फवारणीनंतर चवीने खाते.

पुस्तक लिहिताना त्या आजारी होत्या?

होय, आणि हे जगाला नंतर कळले. १९५७ मध्ये भाची वारली. तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर याला कार्सन यांनी दत्तक घेतले. तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. डिसेंबर १९५८ मध्ये आई गेली. एप्रिल १९६० मध्ये स्तनाची शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची आहे, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले नाही. त्या काळी अनेक बायकांना सांगत नसत. वर्षअखेरीस रोग पसरल्यावर खरे कळले. किरणोपचार, डोळ्यांचा दाह, सांधेदुखी, चालता न येणारे आठवडे, आणि त्यातून एकेक प्रकरण पुढे सरकत होते.

आजार त्यांनी लपवून ठेवला. कीटकनाशके आणि कर्करोग यांच्यावर पुस्तकात एक प्रकरण होते. लेखिकेलाच कर्करोग आहे हे कळले असते, तर सूडबुद्धीने लिहिले असा आरोप झाला असता.

पुस्तकानंतर काय झाले?

जून १९६२ पासून ‘द न्यूयॉर्कर’मध्ये तीन भाग आले आणि २७ सप्टेंबरला पुस्तक आले. त्याआधीच हेप्टाक्लोर बनवणाऱ्या वेल्सिकॉल कंपनीने प्रकाशकाला कायदेशीर कारवाईचा इशारा दिला होता. प्रकाशक हटला नाही. मोन्सँटोने कीटकनाशके नसलेल्या जगाचे भयाण चित्र रंगवणारे विडंबन छापले. अमेरिकन सायनॅमिड कंपनीचे रॉबर्ट व्हाइट-स्टीव्हन्स गावोगावी भाषणे देत फिरले. कार्सन यांच्याकडे डॉक्टरेट नाही, त्या बाई आहेत, अविवाहित आहेत, हे सगळे काढून झाले. पुस्तकातल्या शेवटच्या पन्नासहून अधिक पानांच्या संदर्भयादीशी मात्र फारच थोड्यांनी दोन हात केले.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी ऑगस्ट १९६२ मधल्या पत्रकार परिषदेत चौकशीचे सांगितले. एप्रिल १९६३ मध्ये सीबीएस वाहिनीवर कार्यक्रम झाला. पाचपैकी तीन जाहिरातदारांनी आधीच अंग काढून घेतले, तरीही तो कोटीच्या घरात लोकांनी पाहिला. शांतपणे बोलणाऱ्या कार्सन आणि त्यांच्यासमोर पांढऱ्या कोटातले तावातावाने बोलणारे व्हाइट-स्टीव्हन्स, असे चित्र घराघरांत गेले. मे महिन्यात राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल आला आणि त्याने कार्सन यांचे म्हणणे बहुतांशी उचलून धरले. जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. डोक्यावर विग होता. उपचाराने केस गेले होते.

१४ एप्रिल १९६४ रोजी मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग येथील घरी त्यांचे निधन झाले. वय ५६. रॉजर तेव्हा शाळकरी होता. काही अस्थी आईच्या शेजारी पुरल्या गेल्या, काही मैत्रीण डोरोथी फ्रीमन यांनी मेनच्या समुद्रात सोडल्या. १९७२ मध्ये अमेरिकेने शेतीत डीडीटी वापरायला बंदी केली. १९८० मध्ये त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळाले.

मलेरिया वाढला तो कार्सन यांच्यामुळे, असा आरोप अजूनही अधूनमधून होतो. तो टिकत नाही. सर्व कीटकनाशके बंद करा, असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही. वारेमाप वापराने किडीच औषधाला दाद देईनाशा होतात आणि मग डासांविरुद्धही ते निकामी होते, हा इशारा त्यांनीच दिला होता. भारतातही शेतीतील डीडीटी बंद झाल्यावर मलेरिया नियंत्रणासाठी त्याचा वापर चालूच राहिला.

महाराष्ट्राच्या दुधात काय निघाले?

कार्सन यांच्या पुस्तकाच्या चार वर्षे आधी, १९५८ मध्ये, केरळमध्ये पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेल्या पिठामुळे शंभराच्या आसपास माणसे दगावली. विष आणि धान्य एकाच जहाजातून आले होते. त्या दुर्घटनेनंतरच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. पण डीडीटी शेतीत १९८९ पर्यंत चालू राहिले आणि बीएचसी १९९७ पर्यंत. अनेक जुन्या शेतकऱ्यांना बीएचसी पावडरचा वास आजही आठवत असेल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १२ राज्यांतील गाई-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने होते. ८२ टक्के नमुन्यांत डीडीटीचा अंश सापडला आणि ३७ टक्के नमुन्यांत तो मर्यादेपेक्षा जास्त होता. मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण सर्वाधिक होते महाराष्ट्रात, ७४ टक्के. गुजरात ७० टक्क्यांसह दुसरा. सहकारी दूध संघांचा अभिमान बाळगणाऱ्या या दोन राज्यांनी ही आकडेवारी फारशी मिरवली नाही, हे समजण्यासारखे आहे. बंदीनंतर असे अंश कमी होत जातात, पण सावकाश. डीडीटी मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि उन्हाळ्यात खुरटे गवत ओरबाडणारे जनावर गवताबरोबर मातीही गिळते. मेंढी तर अगदी मुळाशी चरते.

जालना आणि कार्सन यांचा धागा कोणता?

‘सायलेंट स्प्रिंग’च्या शेवटच्या प्रकरणात कार्सन यांनी रसायनांना पर्याय सुचवले. त्यातला एक होता बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू, म्हणजेच बीटी. अळ्यांना मारणारा, पण गाईगुरांना इजा न करणारा. तो फवारावा, असे त्यांच्या डोळ्यांपुढे होते. ज्या वर्षी त्या गेल्या त्याच वर्षी, १९६४ मध्ये, बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. मोन्सँटोशी भागीदारी करून २००२ मध्ये याच कंपनीने बीटी कापूस भारतात आणला. पुस्तकाचे विडंबन छापणारी कंपनी आणि पुस्तकात सुचवलेला जिवाणू असे चाळीस वर्षांनी जालन्याच्या बियाण्यात एकत्र आले. जिवाणूतले जनुक पिकातच घालणे कार्सन यांना मान्य झाले असते का, हे सांगणे शक्य नाही.

सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या. मग रस शोषणाऱ्या किडी वाढल्या, पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडले आणि पंप पुन्हा पाठीवर चढले. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्याआधी २००६ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील वरंगळ भागात वेचणी झालेल्या कपाशीत चरलेल्या मेंढ्या दगावल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या होत्या. दोष बीटीचा, नायट्रेटचा की फवारलेल्या औषधांचा, यावर बराच वाद झाला. मेंढपाळाच्या दृष्टीने कारण कोणतेही असो, मेंढ्या गेल्या त्या गेल्या.

आजचा धोका वेगळा कसा?

डीडीटी, डिल्ड्रिन हे साठून राहणारे विष. आज कपाशीवर जास्त वापरली जाणारी प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारखी औषधे तुलनेने लवकर विघटित होतात, पण ताजी असताना झटका देतात. ती मज्जातंतूंच्या कामाला लागणारे एक विकर अडवतात. जनावराच्या तोंडातून लाळ गळते, फेस येतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, पातळ हगवण लागते, अंगाला थरकाप सुटतो, श्वास घरघरतो. याला अॅट्रोपिनचे इंजेक्शन हा उतारा आहे, पण तो पशुवैद्यानेच द्यायचा आणि लवकर द्यायचा. अशा वेळी तेल, तूप किंवा दूध पाजण्याची जुनी सवय घातक ठरू शकते. काही विषे स्निग्ध पदार्थाबरोबर अधिक वेगाने शोषली जातात आणि थरथरणाऱ्या जनावराच्या फुप्फुसात पातळ पदार्थ जाण्याची भीती असते. अंगावर औषध उडाले असेल तर साबण-पाण्याने धुवावे आणि उरलेली जनावरे लगेच त्या रानातून बाहेर काढावीत.

विष नेहमी पिकावरूनच जाते असे नाही. पंप ओढ्यात किंवा हौदाजवळ धुतला जातो, डब्यातले उरलेले औषध बांधावर ओतले जाते, रिकाम्या डब्यात पाणी किंवा भरडा ठेवला जातो. गोचिडांसाठी शेतातलेच औषध अंदाजाने पाण्यात मिसळून जनावराच्या अंगाला चोळले जाते, आणि जनावर अंग चाटते. बांधावर तणनाशक मारले की दोन-तीन दिवसांत कोमेजलेले गवत शेळीला खुणावते. डब्यावरचा त्रिकोण पाहायला वेळ लागत नाही. लाल म्हणजे सर्वात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जावेत, हेही लेबलवर असते. ते पिकासाठी लिहिलेले असते हे खरे, पण त्याच्या आत जनावर सोडू नये, एवढे तरी त्यावरून ठरवता येते. रान चारायला देताना शेवटची फवारणी कधी झाली हे मालकाने सांगायचे आणि राखणाऱ्याने विचारायचे, ही देवघेव मेंढ्या बसवण्याचे पैसे ठरवताना सहज होऊ शकते.

जनावर दगावले तर काय करावे?

पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. ‘सायलेंट स्प्रिंग’चे साल आणि हा क्रमांक एकच, हा निव्वळ योगायोग. विषबाधेचा संशय असेल तर मेलेले जनावर घाईने पुरू नये. पशुधन विकास अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्यावे. पोटातील चारा, यकृत, मूत्रपिंडाचे नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. मराठवाड्यासाठी तशी प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगरला आहे. रानातला चारा, पाणी आणि औषधाचा डबा लेबलसह जपून ठेवावा, कारण कोणते विष शोधायचे हे प्रयोगशाळेला आधी कळले तर काम सोपे होते. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल नसेल तर विमा किंवा भरपाईचा अर्ज पुढे सरकत नाही. बाकीच्या दुभत्या जनावरांचे दूध पशुवैद्य सांगतील तोवर डेअरीला घालू नये आणि घरातही वापरू नये, वासरालाही पाजू नये.